इच्छा कुणाची, मरण कुणाचे?

मराठी भाषेत काही शब्द असे रूढ झाले आहेत की, ते उच्चारताना आपण नेमके काय म्हणत आहोत याचा विचार मनात येतच नाही. 'इच्छामरण' हा त्यांपैकी एक शब्द. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत तो वर्षानुवर्षे वावरत आहे, कीर्तनात तो ऐकू येतो, न्यायालयीन वार्तांतही येतो. तो आपल्याकडे आला महाभारतातून. शंतनूने आपल्या पुत्राला वर दिला की, तू इच्छिशील तेव्हाच मृत्यू तुझ्याजवळ येईल; आणि त्या वराच्या बळावर भीष्म शरशय्येवर पडून उत्तरायणाची वाट पाहत राहिले. तेवढ्या काळात ते युधिष्ठिराला राजधर्म सांगत होते, हे विसरता कामा नये. आपल्या मरणाची घटिका निवडणारा हा पुरुष अखेरपर्यंत जागा होता आणि बोलत होता.

आम्ही ज्या परिसरात राहतो तो त्र्यंबकेश्वरचा परिसरही अशा जागृत प्रयाणाची आठवण जपणारा आहे. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीस समाधी घेतली आणि पुढल्याच वर्षी निवृत्तिनाथांनी त्र्यंबकेश्वरी देह ठेवला, असे परंपरा सांगते. पौष वद्य एकादशीस, ऐन थंडीच्या कडाक्यात, येथे दिंड्या येतात आणि सारे गाव टाळमृदंगाने भरून जाते. आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर आचार्य विनोबांचे आहे. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारच्या आश्रमात त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबविले आणि १५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. या थोरांच्या निर्णयांची चिकित्सा करण्याचे आमच्या मनात नाही. ख्रिस्ती नीतिशास्त्राला त्याविषयी काही विचारावयाचे आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय होईल. येथे आम्हांला एवढेच दाखवावयाचे आहे की, या तिन्ही प्रसंगी इच्छा कुणाची, हा प्रश्न कोणाला पडला नाही. जो जात होता त्याचीच ती होती आणि ती त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली होती.

आता दुसरे चित्र पाहा. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल दिला, तेव्हा आमच्या बहुतेक दैनिकांनी हाच 'इच्छामरण' शब्द ठळक अक्षरांत छापला. मात्र जिच्याविषयी तो छापला होता तिची इच्छा काय, हे सदतीस वर्षांत कोणालाही कळलेले नव्हते.

अरुणा शानबाग ही उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची मुलगी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात ती परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि वयाच्या पंचविशीत ती कायमची अंथरुणाला खिळली. त्या माणसाला दरोडा आणि खुनाचा प्रयत्न यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. अत्याचाराचा आरोप त्याच्यावर कधी ठेवलाच गेला नाही. अरुणाची 'शिक्षा' मात्र बेचाळिसाव्या वर्षापर्यंत लांबली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचे निधन झाले.

२००९ साली पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि तिला अन्न देणे थांबवावे अशी मागणी केली. त्यांचा हेतू करुणेचाच होता, याबद्दल आम्हांला शंका नाही. अरुणाच्या आयुष्याची हकीकत त्यांनीच पुस्तकरूपाने जगापुढे आणली होती. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीने कळविले की, ही स्त्री मेंदूमृत नाही. कायमस्वरूपी 'व्हेजिटेटिव्ह' अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडतात. तथापि खोलीत माणसांची गर्दी झाली की ती अस्वस्थ होते आणि गर्दी ओसरली की शांत होते. तिला भक्तिसंगीत आवडते आणि माशाचे सूप आवडते, असेही नोंदविले गेले. आणखी एक नोंद डॉक्टरी दृष्टीने फार बोलकी आहे. इतकी वर्षे अंथरुणावर काढूनही तिच्या अंगावर शय्याव्रणाची एक खूण नव्हती. घरी अंथरुणाला खिळलेला माणूस ज्यांनी सांभाळला आहे त्यांनाच या वाक्याची किंमत कळेल.

न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार, तिची शुश्रूषा करणाऱ्या के. ई. एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायमूर्तींनी ठरविले. आणि ते कर्मचारी तर तिला जगवू पाहत होते. त्याच निकालात न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या अनुमतीने उपचार थांबविण्याची वाट प्रथमच खुली केली. त्यामुळे अरुणाच्या नावाने कायदा बदलला, पण तो तिला लागू झाला नाही.

तिच्या अवस्थेला वैद्यकशास्त्राने दिलेले नाव १९७२ चे आहे. ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम या दोन तज्ज्ञांनी ते सुचविले. मराठीत आपण त्याचे 'वनस्पतिवत अवस्था' असे भाषांतर करून टाकले. त्या तज्ज्ञांना अभिप्रेत होते ते एवढेच की, श्वास, पचन, झोप आणि जाग या शरीरवाढीच्या क्रिया चालू आहेत, पण जाणिवेची खूण दिसत नाही. नाव मात्र असे पडले की, माणूस झाडापाल्याच्या रांगेत जाऊन बसला. शब्द किती दूरवर जातो पाहा. २०१० साली युरोपातील तज्ज्ञांनी हे नाव टाकून 'प्रतिसादरहित जागृती' असे नाव सुचविले. आम्हांला ते अधिक प्रामाणिक वाटते. प्रतिसाद नाही, इतकेच डॉक्टरांना दिसते. आत काय आहे, ते दिसत नाही.

येथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. आमच्या भागात अपघातानंतर बेशुद्ध पडलेल्या कोणाही माणसाला लोक सरसकट 'ब्रेन डेड' म्हणतात. ते बरोबर नाही. मेंदूमृत माणसाच्या मेंदूचा तळाचा भाग, मस्तिष्कस्तंभ, कायमचा बंद पडलेला असतो. श्वास यंत्राने चाललेला असतो आणि यंत्र काढल्यास तो थांबतो. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने अशा माणसाला आपल्या देशात अवयवदानापुरते मृत मानले आहे, आणि २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनीही, ही कसोटी काटेकोरपणे लावली तर ख्रिस्ती मानवविचाराशी तिचा विरोध नाही, असे सांगितले आहे. आम्ही बोलत आहोत त्या रुग्णाचा मस्तिष्कस्तंभ काम करीत असतो. तो स्वतः श्वास घेतो, सकाळी डोळे उघडतो, रात्री मिटतो. बिघाड वरच्या थरात असतो, मेंदूच्या बाह्यपटलात आणि त्याला जोडणाऱ्या धाग्यांत. हा माणूस कोणत्याही अर्थाने मृत नाही.

मग तो काय आहे? त्याला ऐकू येते का? गेल्या वीस वर्षांत मेंदूशास्त्राने याच प्रश्नाला हात घातला आणि जे सापडले ते झोप उडविणारे आहे.

२००६ साली एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील तेवीस वर्षांच्या एका तरुणीविषयी निबंध प्रसिद्ध केला. रस्त्यावरील अपघातानंतर ती पाच महिने प्रतिसादाविना पडून होती. तिला मेंदूच्या हालचाली टिपणाऱ्या फंक्शनल एमआरआय यंत्रात ठेवून सांगण्यात आले, "आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर." मेंदूतील हालचालीची आखणी करणारा भाग उजळला. मग सांगितले, "आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरत आहेस अशी कल्पना कर." आता दुसरा भाग, वाटा आणि जागा ओळखणारा, उजळला. निरोगी माणसाच्या मेंदूत अगदी असेच घडते. बोटही न हलविणारी ती मुलगी सांगितलेले ऐकत होती, समजून घेत होती आणि त्याप्रमाणे वागत होती. चार वर्षांनी केंब्रिज आणि बेल्जियममधील लिएज येथील संशोधकांनी ५४ रुग्ण तपासले. त्यांपैकी पाच जणांनी असा प्रतिसाद दिला. एकाशी तर त्यांनी संवादच साधला. 'होय' म्हणावयाचे असेल तर टेनिस, 'नाही' म्हणावयाचे असेल तर घर, असा संकेत ठरला. "तुझ्या वडिलांचे नाव अलेक्झांडर आहे का?" असे विचारले आणि त्याच्या मेंदूने टेनिस खेळून दाखविले. सहापैकी पाच प्रश्नांची उत्तरे बरोबर आली.

ऑगस्ट २०२४ मध्ये याहून मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा केंद्रांतील, आज्ञेला बाहेरून काहीही प्रतिसाद न देणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने आतून प्रतिसाद दिला. म्हणजे चारांत एक. वाचकहो, आपल्या ओळखीच्या ज्या ज्या घरी असा रुग्ण आहे ते घर डोळ्यांसमोर आणा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

या संशोधनाबद्दल आम्हांला मनापासून आदर आहे. ज्यांना आपण भिंत समजत होतो तेथे या लोकांनी दार ठोठावले आणि आतून उत्तर आले. तरीही त्यात एक फसगत दडलेली आहे, आणि तिच्याकडे आपण सावधपणे पाहिले नाही तर हेच संशोधन दुबळ्यांच्या मुळावर येईल. यंत्राने 'आहे' म्हटले म्हणून आपण एखाद्या रुग्णाला माणूस मानू लागलो, तर यंत्र ज्याच्याविषयी गप्प राहील त्याचे काय? त्याच २०२४ च्या अभ्यासातली दुसरी नोंद फारशी कोणी सांगत नाही. त्यात असेही ११२ रुग्ण होते, जे खाटेवर पडून आज्ञा ऐकून बाहेरून प्रतिसाद देऊ शकत होते. त्यांच्या जाणिवेविषयी शंकाच नव्हती. यंत्राला त्यांच्यापैकी केवळ ४३ जणांची जाणीव सापडली. उरलेल्यांविषयी यंत्र गप्प राहिले. कोणी थकलेला असतो, कोणी झोपेत, कोणाला कल्पना करणे जमत नाही. तेव्हा यंत्राचा होकार पुष्कळ सांगतो, त्याचा नकार मात्र फारसे काही सांगत नाही.

उलट बाजूही लपवून ठेवणे आमच्या धर्माला शोभणार नाही. अमेरिकेतील टेरी शियावो हिच्या नावाने तेथील कॅथोलिक समाजात मोठे वादळ उठले होते. १९९० साली हृदय थांबून तिच्या मेंदूला इजा झाली. नळी काढावी असे नवऱ्याचे म्हणणे, काढू नये असे आईवडिलांचे. मुलगी आपल्याकडे पाहून हसते, असे आईला वाटत असे. अखेर नळी काढली गेली आणि ३१ मार्च २००५ रोजी ती मरण पावली. शवचिकित्सेत तिचा मेंदू ६१५ ग्रॅम भरला, अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास. दृष्टीचा भागही निकामी झालेला होता. आईला दिसलेले हसू हा भास असावा, असे मानण्यास जागा आहे. आता आमचा प्रश्न असा : समजा, तो भासच होता. तेवढ्यावरून टेरीला उपाशी ठेवणे योग्य ठरते काय? ज्यांचे उत्तर 'होय' असेल, त्यांनी माणूसपणाचा सारा भार जाणिवेच्या एका खांबावर ठेवला आहे, हे उघडपणे मान्य करावे. मग तान्हे मूल, स्मृतिभ्रंश झालेली आजी आणि जन्मतःच मतिमंद असलेले बालक या खांबाला किती टेकू शकतात, याचेही उत्तर त्यांनी द्यावे.

सेमिनरीत आम्हांला शिकविले गेले की, बेशुद्ध माणसालाही रुग्णाभ्यंगाचा संस्कार द्यावा आणि देताना त्याच्या कानाशी स्पष्ट शब्दांत प्रार्थना म्हणावी. तरुण वयात ती निव्वळ रीत वाटे. ख्रिस्तसभेने ही रीत पाळली तेव्हा एमआरआय नव्हता, ईईजीही नव्हता. ऐकू येत असेल, असे गृहीत धरणे हे प्रेमाचे काम आहे, एवढेच त्यामागचे ज्ञान होते.

मात्र ख्रिस्तसभा 'काहीही करून जगवा' असे म्हणते, हा समज चुकीचा आहे. आणि आपल्या लोकांत तो फार पसरलेला आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश डोमिनिकन धर्मगुरू फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी याचा ऊहापोह केला आहे. आजारी माणसाने प्राण राखण्यासाठी जेवले पाहिजे हे खरे. परंतु वैद्याने कोंबडी खा म्हणून सांगितले तरी, साध्या अन्नावर राहणाऱ्याने कोंबडी खाल्लीच पाहिजे असे बंधन नाही, आणि घास गिळणेच ज्याला यातना होऊन बसले आहे त्यालाही दोष नाही. (गरिबाच्या घरची कोंबडी नीतिशास्त्रात अशी अजरामर झाली!) यातूनच 'साधारण' आणि 'असाधारण' उपायांचा भेद पुढे रुजला. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना तोच भेद कृत्रिम श्वसनयंत्राला लावला : असाधारण उपाय करण्याचे बंधन रुग्णावर किंवा कुटुंबावर नाही. शेत विकून, कर्ज काढून, काही लाभ होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटरचे दिवस वाढवीत राहणे हे आपल्या धर्माने कोणावर लादलेले नाही. हे वाक्य आम्ही मुद्दाम ठळकपणे लिहीत आहोत, कारण अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला 'नको' म्हणताना आपण बापाचा जीव घेतो आहोत असे वाटत असते.

अन्नपाण्याचा प्रश्न वेगळा आहे. २० मार्च २००४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितले की, नळीवाटे दिलेले अन्नपाणी हे तत्त्वतः उपचार नसून शुश्रूषा आहे. माणूस कितीही आजारी असला तरी माणूसच राहतो, तो कधी 'भाजीपाला' होत नाही, असेही त्यांनी निक्षून म्हटले. १ ऑगस्ट २००७ रोजी रोमच्या धर्मसिद्धान्त मंडळाने याला दुजोरा दिला. मात्र शरीर अन्न स्वीकारीतच नसेल, किंवा त्यातून मोठी पीडा होत असेल, तर गोष्ट निराळी, हेही मान्य केले. त्या पोपमहोदयांचे अखेरचे दिवस आठवा. ३० मार्च २००५ ला त्यांना नाकातून नळी घातली होती. तथापि पुन्हा रुग्णालयात जाण्याऐवजी ते आपल्या खोलीतच राहिले आणि २ एप्रिलला त्यांनी प्राण सोडला. अन्न त्यांनी नाकारले नाही, मात्र यंत्रांनी वेढलेल्या खाटेच्या मागेही ते लागले नाहीत. टेरी शियावो त्यांच्या आधी दोनच दिवस गेली होती.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत आपल्या विचाराशी पूर्णपणे जुळत नाही. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि शुद्धीवर असतानाच आपले 'वैद्यकीय इच्छापत्र' लिहून ठेवण्याची सोय केली. २०२३ च्या जानेवारीत ती प्रक्रिया सुलभ करण्यात आली. आता ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येते. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी गोव्यात असे पहिले इच्छापत्र नोंदविले. आमच्या मते या सोयीला घाबरण्याचे कारण नाही. उलट, 'इच्छा कुणाची' या प्रश्नाला येथे निदान एक प्रामाणिक उत्तर मिळू शकते. कॅथोलिक माणसाने ते लिहावे, आणि 'मला व्हेंटिलेटरवर निष्कारण ठेवू नये, वेदना शमवाव्यात, अन्नपाणी शरीर घेत असेल तोवर द्यावे, धर्मगुरूला बोलवावे', असे त्यात खुशाल लिहावे. आपल्या जागी कोण बोलणार, त्याचे नाव लिहिणे तर सर्वांत महत्त्वाचे. मात्र ज्याने काही लिहिलेले नाही, आणि त्र्यंबक तालुक्यात असे जवळजवळ सगळेच आहेत, त्याच्या वतीने दुसऱ्याने व्यक्त केलेल्या इच्छेला 'इच्छामरण' म्हणू नये. तिला दुसरे नाव शोधावे.

त्र्यंबकेश्वरी दूरदूरचे लोक आपल्या गेलेल्यांसाठी विधी करावयास येतात. कोणाचा बाप अपघातात गेला, कोणाचा भाऊ अकाली. गेलेल्यांसाठी काय करावे हे येथे सांगणारे पुष्कळ आहेत. जो गेलेला नाही आणि हाकेला ओही देत नाही, त्याच्यासाठी काय करावे, हे सांगणारे कोणी भेटत नाही.

आमच्या धर्मग्रामातल्या एका घरात असा माणूस आहे. चाळिशीतला. दोन वर्षांपूर्वी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर दुचाकीवरून पडला, सुमारे दोन महिने नाशकात उपचार झाले, जमिनीचा एक तुकडा गेला आणि नाकात नळी घालून त्याला घरी आणले. त्याची पत्नी दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळविते. नागलीची पेज गाळून नळीतून देते. हवेची गादी आहे, पण वीज गेली की ती बसते, म्हणून रात्री वीज गेली की तिला जाग येते. तिने आम्हांला दोन प्रश्न विचारले. पहिला असा : "फादर, यांना माझं ऐकू येतं का हो?" आम्ही तिला त्या चारांतल्या एकाची गोष्ट सांगितली. यंत्र येथे नाही, पण रुग्णाची नजर तपासण्यासाठी तज्ज्ञ जे साधन वापरतात त्यात साधा आरसाही आहे. स्वतःचा चेहरा समोरून सरकला की अनेकदा नजर त्याच्यामागे जाते, आणि खाटेजवळची अशी नेमकी तपासणी नीट न झाल्यामुळे निदान चुकते. १९९६ साली लंडनमध्ये अशा ४० रुग्णांची काळजीपूर्वक फेरतपासणी केली तेव्हा १७ जणांचे निदान चुकीचे निघाले होते. तिने घरातला हातआरसा आणला. त्याची नजर हलली असे तिला वाटले; आम्हांला खात्री नाही. मेंदूविकारतज्ज्ञांना ते सांगावे, असे आम्ही सुचविले. २०१२ सालच्या एका चाचणीत १८४ रुग्णांवर अमॅन्टॅडीन नावाच्या जुन्या औषधाचा काहीसा उपयोग दिसला होता. त्याविषयीही विचारावे, असे म्हटले. ते रुग्ण अपघातानंतर पहिल्या काही महिन्यांतले होते, हेही तिला सांगितले.

दुसरा प्रश्न तिने बऱ्याच दिवसांनी विचारला. "देवा, आता यांना ने, अशी मी प्रार्थना केली तर पाप लागतं का?"

पाप लागत नाही. देवाने न्यावे असे म्हणणे आणि आपण पाठविणे यांत फरक आहे. ख्रिस्तसभाही मरणोन्मुखांसाठी शांत प्रयाणाची प्रार्थना करते. इतके आम्ही तिला सांगितले. पण उत्तर देताना आमच्या लक्षात आले की, तिच्या प्रश्नातली इच्छा नीट पाहिली तर ती मरणाची नव्हतीच. दोन वर्षांत ती बाई एक रात्र सलग झोपलेली नव्हती. तिला झोप हवी होती.

येथे के. ई. एम.ची आठवण पुन्हा काढावी लागते. अरुणाची बेचाळीस वर्षांची शुश्रूषा हा प्रेमाचा अपूर्व नमुना होता, असे आपण म्हणतो आणि ते खरे आहे. तिची खाट रिकामी करून घेण्याचे ठरले तेव्हा परिचारिकांनी आंदोलन करून तो बेत हाणून पाडला होता. पण ते प्रेम कशावर उभे होते? पाळ्यांवर! सकाळची परिचारिका दुपारी घरी जात असे, दुपारची रात्री. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी कामावर येई. अरुणाला पाहिलेही नव्हते अशा मुली नव्याने रुजू झाल्या आणि त्यांनी तिला कुशीवर वळविले. बेचाळीस वर्षे कोणा एकाच बाईने हे केले असते, तर कोणत्या वर्षी तिने न्यायालयात अर्ज केला असता, हे आपण सांगू शकत नाही. आपल्या घरांत मात्र नेमके असेच असते. पाळी एकच, तिच्यावर असलेली बाईही एकच, आणि व्यासपीठावरून तिला जीवनाच्या पावित्र्याविषयी सांगणारे आम्ही अनेक.

अन्नपाणी थांबवू नये, हे आम्ही म्हणतो आणि म्हणत राहू. हे म्हणण्याचा खर्च मात्र आजवर दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला गेला आहे. युथेनेशियाविरुद्ध सह्या गोळा करताना धर्मग्रामात उत्साह असतो. पाठ पुसून देण्यासाठी दुपारचे दोन तास मागितले की वह्या मिटतात. पंगूला खाटेसकट उचलून छपरापर्यंत नेणारे चौघे होते, असे मार्कच्या शुभवर्तमानात आहे. त्याच्या श्रद्धेचा तेथे उल्लेख नाही. प्रभू येशूने पाहिली ती त्या आणणाऱ्यांची श्रद्धा. एकट्याला ती खाट जिन्यावरून नेता आली नसती, हे सुतारकाम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

गेल्या उपवासकाळात आम्ही महिला मंडळाच्या व तरुणांच्या बैठकीत हा विषय काढला. नाशिकच्या एका निवृत्त परिचारिकेने येऊन रुग्णाला कसे वळवावे, नळी कशी धुवावी, पेज देताना डोके किती उंच ठेवावे, हे सगळ्यांना दाखविले. दोन तरुण पहिल्या दिवशी घाबरले. पुढच्या वेळी आले. आता आठवड्यातील पाच दुपारी कोणी ना कोणी तेथे जाते आणि ती बाई आतल्या खोलीत झोपते. शनिवारी कॉलेजातला एक मुलगा असतो; तो त्या आजारी काकांना क्रिकेटचे वृत्त मोठ्याने वाचून दाखवितो. रविवारी मिस्सानंतर आम्ही स्वतः असतो. मंगळवारची पाळी अजून रिकामी आहे.